निव्वळ घडणावळ

सकाळचे सात वाजतायत आणि राजूरचा रस्ता आताच माणसांनी भरलाय. अंगारकी आहे. जालन्याहून रात्रभर चालत आलेले लोक सुजल्या पायांनी दर्शनाच्या बारीत उभे आहेत, भोकरदनकडून येणाऱ्या जीपगाड्या थेट गर्दीत तोंड घालतायत आणि दूर्वांच्या जुड्या विकणारी पोरं प्रत्येकाच्या आडवी येतायत. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरचं नाव घेतात, त्यामुळे जालना जिल्हा आणि शेजारच्या बुलढाण्याचाही बराच भाग आज इथे उतरणार. नारळ, पेढे, रसवंत्या, प्लास्टिकचे पोंगे, रबरी साप. या सगळ्याच्या मधे, चारेक हात जागेत, ती काळी घोंगडी अंथरतेय.

"ताडपत्रीवर माल मरतो," ती म्हणते. "घोंगडीवर उठून दिसतो." घोंगडीच्या चारही कोपऱ्यांवर ती दगड ठेवते. तेही शेतातून वेचून आणलेले, आणि त्यातला एक दुपारपर्यंत कुणीतरी विकत मागणार आहे.

नाव लिहायचं नाही हे तिने आधीच बजावलंय. "नाव नका टाकू ताई. मालाचं लिहा." ती भोकरदन तालुक्यातली, तिशीतली. डी.एड. झालंय, नोकरी लागली नाही. ही ओळ या जिल्ह्यातल्या निम्म्या शिकलेल्या बायकांबद्दल लिहिता येईल. सासरी एकरभर तुती आहे आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या. घरच्यांनी फेकायला काढलेल्या कोषांपासून तिचं हे काम सुरू झालं. शिकवलं कुणी नाही. मोबाइलवर बघितलं, उसवलं, पुन्हा शिवलं.

पत्र्याच्या डब्यातून एकेक जिन्नस निघतोय. बाभळीच्या फुलांची कर्णफुलं: पिवळीधमक, गोल, बोटाच्या पेराएवढीही नाहीत. कोषाच्या पाकळ्यांचे चाफे. सीताफळाच्या काळ्या बियांच्या दोन दुपदरी माळा, मधेमधे पितळी मणी. तांब्याच्या तारेत गुंडाळलेल्या गारगोट्या, एकीसारखी दुसरी नाही. चिंचोके एका बाजूने घासून, अर्धे तपकिरी अर्धे पांढरे ठेवून केलेली कडी. रिठ्याच्या बियांचं गळ्याबरोबरचं, ठसठशीत. आणि कवड्या. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर किंमत.

डावीकडच्या दुकानात ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा ढीग आहे, काळपट चकाकणारा, साच्यातून काढलेला. उजवीकडे पटवेकऱ्याने काळ्या मण्यांच्या सरी टांगल्यात. बायका डोरलं घेऊन येतात आणि तो बसल्या जागी पोत गाठवून देतो. मला तिने एक पालथी बादली दिलीय बसायला. तिथून तिन्ही दुकानं दिसतात.

पहिली मावशी बारीतून दर्शन घेऊन उतरलीय. कपाळाला शेंदूर, हातात अर्धा नारळ.

"काय गं बाई, हे काय हाय?"

"कानातलं, मावशी. बाभळीचं फूल."

"बाभळीचं?" मावशी खाली बसते. एक कर्णफूल तळहातावर घेते, दुसऱ्या हाताने स्वतःचा कान चाचपते. "आमी लहानपणी घालायचो की खरंखुरं. ढोरामागं जायचो तवा. फुकाट." मग ती फूल उलटं करून मागची तार बघते. "सोन्याचं पाणी हाय का?"

"नाही. रेशीम हाय. कोषावरची लव."

"मोड येती का ह्याची?"

"मोड नाही मावशी ह्याला."

"मग काय उपेग?" मावशी उठते. रागाने नाही, हिशेब जुळला नाही इतकंच.

हा प्रश्न दिवसभर येणार आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. 'जालना सोने का पालना' असं या शहराबद्दल म्हणत आले, पण जिल्ह्याच्या शिवारात पाऊस दगा देतो तेव्हा पाळणा हलवायला गळ्यातलीच पोत कामी येते. मृगात बी-भरणासाठी ती सराफाकडे गहाण पडते, कापूस निघाला की सुटते, न निघाला तर सुटत नाही. जो दागिना मोडता येत नाही तो इथल्या बाईच्या दृष्टीने अर्धाच दागिना. तिला हे माहीत आहे. तिची स्वतःची पोत सध्या कुठे आहे ते मी विचारत नाही.

गिऱ्हाईक नाही तेवढ्यात ती काम काढते. मला खरं हेच बघायचं होतं.

मांडीवर सुती फडकं, त्यावर मूठभर कोष. पांढरे, शेंगदाण्याच्या टरफलापेक्षा थोडे मोठे, बोटाने दाबले तर कडक. यातला एकही बाजारात चालणारा नाही. काही डागी, काही जोडकोष, म्हणजे दोन अळ्यांनी मिळून विणलेले, ज्यांचा धागा एकमेकांत अडकतो. काहींना टोकाला भोक आहे: आतून पतंग बाहेर पडला आणि अखंड धागा तुटला. चांगल्या कोषातून हजारेक मीटरचा सलग धागा निघतो. त्याच सलगपणाचे पैसे असतात. भोक पडलेल्या कोषाला तो भाव नाही. जालन्याच्या बाजार समितीत 2018 साली राज्यातला पहिला रेशीम कोष बाजार सुरू झाला, त्याआधी इथले शेतकरी पोती घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. जवळ बाजार आल्यापासून तुतीची लागवड वाढली, तसा हा टाकाऊ मालही वाढला. तिच्या आळीत आता लोक पिशव्या भरून आणून देतात. आधी हसायचे.

ती बारीक कात्रीने कोषाचं टोक उडवते. आत अळीची वाळकी कात, ती चिमटीने काढून टाकते. मग उभे पाच काप. कोष उमलतो. आतली बाजू गुळगुळीत, बाहेरची खरखरीत; पाकळीची आतली बाजू कुठली ठेवायची हे फुलावर अवलंबून. चाफ्याला गुळगुळीत बाहेर, कण्हेरीला उलट. वाटीतल्या पाण्यात ती अंगठा बुडवते, पाकळीच्या कडेवर फिरवते, दाबते, वळवते, आणि तशीच धरून ठेवते. बोलत राहते, इकडे पाकळी बोटात वाळत असते. सोडल्यावर ती वळलेलीच राहते.

"ह्यात डिंक असतो. अळीच्या तोंडातूनच येतो धाग्यासंगं. भिजला की मऊ, वाळला की पुन्हा घट्ट."

"उकळून घेत नाहीस?"

"उकळलं की डिंक जातो. मग चिंधी हातात येते."

त्यामुळे रंगसुद्धा कोमट पाण्यातच चढवावा लागतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, तुरटी घालून. त्यातच गंजके खिळे टाकले की पिवळा मरून राखाडी होतो. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पोती भरून फुलं वाळवायची, वर्षभराचा केशरी तेवढ्यात. मंजिष्ठ विकतची, तांबड्यासाठी. हळद तिने सोडून दिली. "हळद झकास चढते, पण उन्हात चार दिवस टिकत नाही. बाई परत आली की तोंड काय दाखवू?"

बाभळीचं फूल मात्र कोषाचं नाही, लवेचं. कोष बाजारात नेण्याआधी त्याच्यावरची सैल, कापसासारखी लव काढून टाकतात. शेडमध्ये तिचे बोळे लोळत असतात. ते धुऊन, पिंजून, डाळिंबाच्या पाण्यात रंगवून ती तारेच्या टोकाभोवती गुंडाळते आणि कात्रीने चौफेर कातरते. कातरणं अवघड. जरा जास्त झालं तर गोळा, जरा कमी झालं तर बोंड. आत्ता तिच्या हातातलं बिघडतं. ती ते सरळ बाजूला टाकते, दुरुस्त करत बसत नाही. पाऊण तासाचं काम होतं ते.

सरस अजिबात वापरत नाही, सगळं दोऱ्याने. उन्हाळ्यात इथे चाळिशीच्या वर पारा जातो, सरस सुटतो. शेजारच्या ढिगात सुटलेले खडे घोंगडीपर्यंत घरंगळत आलेत, ती ते उचलून ऑक्सिडाइज्डवाल्याला परत देते.

नऊच्या सुमाराला कॉलेजच्या मुली येतात. चौघी, जालन्याच्या असाव्यात. एकीच्या पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, ती सीताफळाची माळ उचलते.

"हे बोहो आहे ना?"

"हो, बोहोच." तिचं उत्तर तयार असतं. त्याआधी एका आजीला हीच माळ तिने "गावठी हाय, आजी" म्हणून दाखवली होती. दोन्ही खरंच आहे, त्यामुळे मी मधे पडत नाही.

मुलींना ऑक्सिडाइज्डही बघायचंय. तिकडे अर्ध्या किमतीत दुप्पट वजन. एकीने कालच घेतलेले झुमके घातलेत आणि कानाची पाळी लाल झालीय. जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. निकेल पुष्कळांना सोसत नाही. ती त्या मुलीचा कान बघते, पिशवीतून खोबरेल काढून देते आणि म्हणते, "आज काहीच घालू नको. माझंबी नको." गिऱ्हाईक घालवण्याची ही पद्धत मला फार आवडते. मुलगी कानातलं घेत नाही, गारगोटीचं पदक घेते.

तिच्या कानातल्यांचे हूक स्टीलचे आहेत, मुंबईहून कुरिअरने मागवलेले. "गाव सळयांचं," ती म्हणते, "आणि एवढासा हूक मिळत नाही." जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांतून राज्यभरच्या इमारतींना सळया जातात. कानाएवढं कुणी तिथे ओतत नाही.

गारगोट्यांबद्दल मात्र ती भरभरून बोलते, कारण त्या तिला लहानपणापासून सापडत आल्यात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून दख्खनचा हा काळा खडक झाला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थेंबाथेंबाने बसत गेली. खडक झिजून माती झाला, गारगोट्या राहिल्या. नांगरट झाली, वर एखादा पाऊस पडला की काळ्या रानात त्या पांढऱ्या, राखी, मधाळ रंगाच्या चमकतात. रात्री दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडल्या नाहीत असं पोर या भागात सापडायचं नाही. विहिरी खणताना, खाणीत सुरुंग लावताना पोकळ्या फुटतात आणि त्यात स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे झुबके निघतात, मोरपंखी, गुलाबी. ते परदेशी संग्राहकांकडे जातात. आपल्याला बघायचे तर सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात जावं. तिने एकदा तसला झुबका पदकात बसवून पाहिला. आठवड्यात भुगा झाला. तो ठिसूळ. अंगावर वागवायला अकीकच पाहिजे.

पण अकीक कठीण. पोलादाचं टोक त्याच्यावर बोथटतं. तिने मशीनने भोक पाडायचा नाद केला, टोकं मोडली, पैसे गेले, मग तारेत गुंडाळायला सुरुवात केली. तार दगडाच्या अंगाअंगाने जाते, जिथे खोबण तिथे रुतते, आणि शेवटी वर एक फास. दगडाला धक्का नाही. "त्याला जसं आहे तसं धरायचं," ती म्हणते. मला वाटतं तिच्या मालात सगळ्यांत देखणी ही पदकंच आहेत, आणि ती देखणी आहेत ती नाइलाजामुळे.

भोक पाडणारी माणसं मात्र याच तालुक्यात होती. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, केळना नदीच्या काठचं सातवाहनकालीन व्यापारी नगर. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक आहेत, त्यांचे लेख तिथे दगडावर कोरलेले आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं; शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी पुढच्याच वर्षी अहवाल काढला. मण्यांची रास निघाली, नाना दगडांचे, काचेचे. कच्चा माल रानात पायाखाली पडलेला होता, फुकट. किंमत आली ती तासण्याला, घासण्याला, भोकाला. ते कौशल्य आज गुजरातेत खंबायतला उरलंय: मंद विस्तवात दगड भाजून लाल करतात आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या सामत्याने आरपार छेदतात.

"पांढरीवर पाऊस पडला की मणी वर यायचे," ती सांगते. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. "आजी उचलू द्यायची नाही. मेलेल्या बायांचे आहेत म्हणायची."

"आता?"

"आताबी नाही उचलत." कायदाही हेच सांगतो, पण आजीचा धाक जास्त चाललाय.

अकराच्या उन्हात गर्दी थोडी विरळ होते. रसवंतीचे घुंगरू वाजतायत. तिकडून एक म्हातारी येते आणि ती आली हे आधी ऐकू येतं. फेटिया, काचांची कांचोळी, डोक्यावरून ओढणी, कानशिलावर घुगऱ्या लोंबतायत, दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढरे बलिया. तिच्या आजीच्या हातात ते हस्तिदंती असतील, हिचे प्लास्टिकचे. मंठा-परतूर भागातल्या कुठल्यातरी बंजारा तांड्यावरची असावी. सोबतची सून नायलॉनच्या साडीत आहे, अंगावर यातलं काही नाही. ऊसतोडीला हे सगळं घालून जाता येत नाही, असं सून नंतर सांगते.

"ये, याडी. बस," ही म्हणते. याडी म्हणजे आई.

याडी बसत नाही, वाकते. कवड्यांची माळ उचलते, डोळ्यांपाशी नेते, नखाने एक कवडी हलवते. ती हलते.

"कच्ची गाठ हाय, पोरी."

"कुठं?"

"समदीकडं."

पुढची वीस मिनिटं दुकान बंद आहे. याडी आता खाली बसलीय, माळ उसवलीय, आणि सुई तिच्या हातात आहे. कवडीच्या मागून दोरा घ्यायचा, पुढून नाही; एक वेढा कवडीला, एक वेढा मुख्य दोऱ्याला, मग ओढ. ती वेढा घेते तेव्हा बलिया खळखळतात. काच शिवताना टाके आधी चौकटीसारखे, मग गोल, म्हणजे काच आतल्या आत आवळली जाते. ही बघते, करते, चुकते, याडी तिच्या हातावर चापट मारते. पटवेकरीसुद्धा आपल्या जागेवरून मान लांब करून बघतोय. त्याची गाठ वेगळी, असं तो मला हळूच सांगतो, पण ही पण पक्की.

मला त्या दंडभर बांगड्यांकडे बघून पाँपेईची हस्तिदंती मूर्ती आठवते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली, 1938 साली सापडलेली, सध्या नेपल्सच्या संग्रहालयात असलेली. तिच्याही हातभर बांगड्या आणि पायांत पोटऱ्यांपर्यंत वाळे आहेत. तिच्याच घडणीची एक भग्न हस्तिदंती स्त्री भोकरदनच्या उत्खननात मिळाली, दुसरी तेरला. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. मी हे सगळं उत्साहाने दोघींना सांगते. याडी ऐकून घेते आणि विचारते, "तिच्या दंडात किती होते?" नेमका आकडा मला सांगता येत नाही, तशी ती सुईकडे वळते.

मोठ्या शहरांतल्या दुकानांतून ज्या घुगऱ्या, कवड्या, काचा 'बोहो' म्हणून मिळतात त्या बहुतेक तांड्यांवरूनच उचललेल्या नमुन्यांच्या नकला. ही ते करत नाही. कवडी वापरते, घुगरीचा घाट वापरत नाही. "तो ह्यांचा आहे. मला विचारायला पाहिजे ना." यावर तिने फार विचार केलाय असं नाही, शेजाऱ्याच्या रानातलं न विचारता तोडायचं नाही, एवढंच. मला वाटतं मोठमोठ्या डिझायनरांनी ही गोष्ट शिकायला तिच्या घोंगडीवर येऊन बसावं.

जाताना याडी नातीसाठी बाभळीची कर्णफुलं घेते, आणि दिवसभरातली सगळ्यांत चिवट घासाघीस तीच करते. चिठ्ठीवर दीडशे लिहिलंय. ती पन्नास म्हणते. ही नाही म्हणते. ती साठ म्हणते आणि सुनेला चल म्हणते. ही शेवटी हात जोडते: "घेऊन जा, याडी. शिकवणीचे पैसे फिटले." याडीला हे आवडत नाही. साठ रुपये मोजून घोंगडीवर ठेवते आणि जाते.

दुपारी एक बाई येते, सोबत पाचेक वर्षांचा मुलगा. तिला गुंजांची माळ हवी आहे, लाल-काळी, दृष्ट लागू नये म्हणून. डब्यात गुंजा आहेत, मी बघितल्यात, पण ही नाही म्हणते. न फुटलेली गुंज कडक सालामुळे पोटातून तशीच निघून जाऊ शकते, पण भोक पाडलेली गुंज म्हणजे उघडं विष. पोराने चावली तर जिवावर बेततं. तिने स्वतः गुंजांना कधी भोक पाडलेलं नाही. मग डब्यात का? ती हसून एक छोटा तराजू दाखवते, माहेरच्या आळीतल्या जुन्या सोनाराने मोडीत काढलेला. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. या बियांनी कधीकाळी सोनं तोललं जायचं. तिने बाभळीच्या फुलांची जोडी पारड्यात ठेवून मला तोलून दाखवली: हूक धरूनही पारडं जेमतेम हललं.

इथे मला मोडीवाल्या मावशीचा हिशेब पुन्हा मांडावासा वाटतो. सराफाच्या पेढीवर सोन्याचा भाव कमी कर असं कुणी म्हणत नाही. तो भाव वरून ठरून येतो, त्यापुढे सगळे मान तुकवतात. घासाघीस होते ती घडणावळीवर. म्हणजे ज्याच्यात माणसाचे डोळे आणि मान मोडली, तेवढ्याचंच ओझं गिऱ्हाइकाला होतं. आणि मोडताना सराफ कापतो तीही पहिल्यांदा घडणावळच. बोरमाळ, जवमणी, चिंचपेटी, चाफेकळी, बकुळहार, कोल्हापुरी साजातलं कारलं: आपले जुने दागिने सगळे रानातून आणि परसातून आलेले. बोरासारखा मणी वळणारा, जवाएवढा दाणा उठवणारा कुणीतरी होता. त्याचं नाव कुठल्या बाईला माहीत आहे? वजन मात्र पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ.

हिच्या मालातून सोनं काढून टाकलंय आणि उरलीय निव्वळ घडणावळ. म्हणून लोक गोंधळतात. घासायला दुसरं काहीच हाताशी लागत नाही.

सरकारच्या कागदावरही ती नीट बसत नाही. विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, तीत 18 व्यवसाय आहेत. सोनार आहे, माळाकार आहे, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. ती चौकशी करून आली. "सोनार म्हणावं तर सोनं नाही, माळी म्हणावं तर फूल खरं नाही." बचत गटात असती तर गटांच्या 'सरस' प्रदर्शनाला जाता आलं असतं, पण गटाने हे काम करायला नकार दिला, त्यांचं पापड-शेवयांचं बरं चाललंय, आणि कातरताना बिघडलेली फुलं टाकून देणं त्यांना बघवत नाही. एकटी आहे, त्यामुळे टाकून देऊ शकते. हा एकटेपणाचा फायदा तिने मोजून ठेवलाय.

चार वाजता वाऱ्याची वावटळ उठते, घोंगडीवर धूळ. ती झटपट सगळं फडक्याखाली घेते. ऑक्सिडाइज्डवाला नुसता पाणी मारतो. कोषाला पाणी चालत नाही, बुरशी धरते. ती घरी प्रत्येक डब्यात कडुनिंबाचा वाळका पाला ठेवते, किडीसाठी. सायंकाळची आरती सुरू होते तेव्हा ती चिल्लर मोजतेय. सीताफळाच्या दोन्ही माळा गेल्या. गारगोट्यांची बहुतेक पदकं गेली, आणि घोंगडीच्या कोपऱ्यावरचा तो दगडही गेला. चाफे जवळपास सगळे परत चाललेत. "चाफ्याचा भाव चुकला," ती म्हणते, "दोन तास लागतात आणि मी एकाचे लिहिले. तरी महाग वाटला." म्हणजे पुढच्या खेपेला कमी लिहिणार का? नाही. चाफे कमी आणणार.

जीपला अजून वेळ आहे. ती दुपारी उसवलेली कवड्यांची माळ काढून बसलीय, मागून दोरा, एक वेढा, दुसरा वेढा, ओढ. माझ्यासमोर धरते. नखाने हलवून बघते मी. हलत नाही.

अंगारकीला राजूरला जाल तर दर्शन झाल्यावर उतारावर काळी घोंगडी शोधा. ती दिसली नाही तरी तुमच्या गावच्या जत्रेत अशी एखादी बसलेली असेलच. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं द्या, मोड विचारू नका. कोषाची फुलं पावसात घालू नयेत. चुकून भिजली तर पाकळी ओली असतानाच बोटांनी वळवून धरा आणि सावलीत वाळवा. पुन्हा पहिल्यासारखी उभी राहतात.